ओपन वर्ल्ड आरपीजीत क्लास निवडायचा कसा आणि निवडल्यावर त्याला धरून राहायचं कसं

आरपीजी (एक कॅरेक्टर हळूहळू घडवत न्यायचे गेम) खेळणाऱ्या आमच्या ग्रुपवर दर महिन्याला कोण ना कोण तरी हाच मेसेज टाकतंय, "भावा ४० तास झाले, कॅरेक्टरात दमच नाय, परत पहिल्यापासून सुरू करू का?" मग स्क्रीनशॉट मागवला की दिसतंय काय, तर हातात दोन हाती कुऱ्हाड, अंगात जादूगाराचा झगा, पाठीला धनुष्य आणि पर्क (लेव्हल चढली की मिळणाऱ्या खास क्षमता) सात ट्रींमध्ये, म्हणजे सात वेगवेगळ्या स्किलच्या यादीत, एकेक टाकलेले. ह्याला बिल्ड, म्हणजे ठरवून घडवलेलं कॅरेक्टर, नाही म्हणत, आठवडी बाजार म्हणतात.

बहुतेकांना वाटतंय की सुरुवातीला क्लास चुकला. मी आजवर जेवढी पोरं बघितली (आणि माझे स्वतःचे वाया गेलेले सेव्ह धरून) त्यात सुरुवातीचा क्लास क्वचितच नडला. नडतो तो दहावा-पंधरावा तास, जेव्हा पहिल्यांदा मार बसतो आणि माणूस हातात येईल ते उचलून मारायला लागतो. म्हणून खाली क्लासची तुलना कमी आणि त्या पंधराव्या तासाची तयारी जास्त आहे. क्रम बदलू नका, त्याच्यातच सगळं आहे.

टप्पा १: गेम कुलूप कुठं लावतोय ते आधी बघा

"क्लास" हा शब्द प्रत्येक गेममध्ये वेगळ्या अर्थानं वापरतात आणि पहिली चूक इथंच होते, एका गेमची सवय दुसऱ्यात लावली जाते.

काही गेम सुरुवातीलाच पक्कं कुलूप लावतात. २००६ चा ऑब्लिव्हियन घ्या. तिथं क्लास म्हणजे सात मेजर (मुख्य) स्किल आणि एक स्पेशलायझेशन, आणि त्या सात स्किलमध्ये मिळून १० वाढ झाली की तुमची लेव्हल चढते. सुरुवातीच्या तुरुंगाखालच्या गटारातून बाहेर पडायच्या दारात गेम एकदा शेवटचं विचारतो, वंश, जन्मरास, क्लास काय बदलायचं असेल तर आत्ताच बदला. दार ओलांडलं की संपलं. मोरोविंडमध्ये पाच मेजर आणि पाच मायनर, तिथंही तसंच.

दुसरी जात एल्डन रिंगची. सुरुवातीला १० क्लास दाखवतो पण तो क्लास म्हणजे फक्त सुरुवातीचे आकडे आणि अंगावरचं सामान. पुढं समुराईनं जादू शिकली तरी कोण अडवत नाही.

तिसरी जात स्कायरिमची. क्लास नावाची चीजच नाही, १८ स्किल आहेत, जे वापराल ते वाढतंय. सगळ्यात मोकळा गेम, आणि म्हणूनच सगळ्यात जास्त बिल्ड इथं फसतात.

चौथी जात जिथं कपडे बदलावे तसा क्लास बदलता येतो. ड्रॅगन्स डॉग्मा २ मध्ये व्होकेशन (तिथला क्लास) गिल्डात जाऊन बदलता येतंय, आणि एका व्होकेशनमध्ये मिळवलेले ऑगमेंट (छोटे जादा फायदे) दुसऱ्यात घेऊन जाता येतात, म्हणजे तिथं फिरणं हाच खेळाचा भाग आहे. विचर ३ मध्ये माणूस एकच, पण स्किल पॉइंट टाकून भागत नाही, ते स्किल स्लॉटमध्ये बसवलं तरच चालू होतंय.

तपासा: कॅरेक्टर बनवायच्या स्क्रीनवर जायच्या आधी तीन उत्तरं हातात पाहिजेत. बदलता येतंय का, कुठं, आणि कशाच्या बदल्यात. ही तीन माहीत असली की अर्धी भीती जातेय आणि तासभर त्या स्क्रीनवर नाकाची लांबी बघत बसायला तुम्ही मोकळे.

टप्पा २: कागद घ्या, तीन ओळी लिहा

फोनवरच्या नोट्समध्ये नको, कागदच घ्या, का ते पुढं कळेल.

"मी मेज (जादूगार) होणार" असलं काही लिहू नका. त्यानं काहीच ठरत नाही. लिहायचं ते असं: मारणार कसा, वाचणार कसा, अडकलो तर काय करणार. उदाहरण म्हणून माझा स्कायरिमचा कागद सांगतो.

मारणार: एका हातात तलवार, दुसऱ्यात ढाल. वाचणार: जड चिलखत घालून, मार ढालीवर घेऊन. अडकलो तर: मागं सरायचं, पोशन प्यायचं, परत आत.

तिसरी ओळ सगळी जण गाळतात आणि तिसऱ्या ओळीवरच बिल्ड मोडतंय. कारण सगळं नीट चाललंय तेव्हा तुम्ही ठरवल्याप्रमाणंच खेळता हो, गडबड होते ती रक्त संपत आल्यावर. तेव्हा काय करायचं हे आधी ठरलेलं नसलं की हात आपोआप सोप्याकडं जातोय.

आता त्याच्या खाली "नाही" लिहा आणि तीन गोष्टी. माझ्या होत्या: धनुष्य नाही. डिस्ट्रक्शन (आग, बर्फ, वीज मारायची) जादू नाही. लपतछपत जाणं नाही.

माझं स्पष्ट मत असं की क्लास ह्या खालच्या यादीनं ठरतोय, वरच्या तीन ओळींनी नाही. तलवार तर स्कायरिममध्ये सगळेच वापरतात. धनुष्य न वापरणारा ओळखू येतो.

यादीला एखादा अपवाद लागला तर तोही आत्ताच लिहून ठेवा. मी लिहिलेला, "धनुष्य फक्त ड्रॅगन हवेत असताना". कारण तलवारवाल्याला उडणाऱ्या ड्रॅगनचं काहीच करता येत नाही, त्याला खाली ओढणारा ड्रॅगनरेंड नावाचा शाउट (गर्जनेचा मंत्र) मुख्य कथेत बराच पुढं मिळतोय, तोपर्यंत तो आपणहून उतरायची वाट बघत आभाळाकडं तोंड करून उभं राहायचं. असला अपवाद आधी लिहिला तर अपवाद राहतोय, ऐन वेळी केला तर त्याची सवय होते.

कागद मॉनिटरच्या खाली चिकटवा. आमच्याकडं आईनं वाचून विचारलं, "धनुष्य घ्यायचं नाही म्हणजे? कोण घेऊन देत होतं तुला?"

थांबा: यूट्यूबवर बघितलेला बिल्ड कागदावर उतरवत असाल तर तो कितव्या लेव्हलचा आहे ते बघा. स्कायरिममधला "फुकट डिस्ट्रक्शन" बिल्ड म्हणजे मंत्राचा खर्च कमी करणारी २५-२५ टक्क्यांची जादू चार वस्तूंवर, एकूण १००, मग मंत्राला मॅजिकाच (जादूची शक्ती) लागत नाही. ऐकायला भारी, पण त्याला एन्चांटिंग (वस्तूंवर जादू चढवायचं स्किल) वरपर्यंत न्यावं लागतंय. तिथपर्यंतचे ३० तास कसे काढायचे ते त्या व्हिडिओत नसतंय. शेवटचा बिल्ड बघू नका, पाचव्या लेव्हलचा बघा.

टप्पा ३: वंश, रास, सुरुवातीचा क्लास

कागद तयार असेल तर हे पाच मिनिटांचं काम आहे. नियम एकच, जे पुढं मिळवता येत नाही त्याला किंमत द्या, जे खेळताना आपोआप भरून निघतंय त्याला देऊ नका.

स्कायरिममध्ये वंशाचे स्किलचे +५, +१० तुम्ही दोन संध्याकाळी भरून काढता, त्याच्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण हाय एल्फचा ५० मॅजिका किंवा ब्रेटनचा २५ टक्के जादूरोध शेवटपर्यंत राहतोय. निवडायचं तर त्याच्यावर निवडा.

एल्डन रिंगमध्ये उलटा हिशोब. तिथं रिस्पेक (दिलेले पॉइंट काढून परत वाटणं) करता येतंय पण सुरुवातीच्या क्लासच्या आकड्याच्या खाली जाता येत नाही. ॲस्ट्रॉलॉजर इंटेलिजन्स १६ आणि व्हिगर (ह्याच्यावर रक्त, म्हणजे हेल्थ, ठरतंय) फक्त ९ घेऊन येतो. नंतर तुम्ही ठरवलं की आता नुसती ताकद, तर ते १६ तसेच पडून राहणार, परत मिळत नाहीत. म्हणून जे स्टॅट (व्हिगर, इंटेलिजन्स असलं) लागणार नाही त्याचा आकडा कमी असलेला क्लास घ्यायचा. काहीच ठरत नसेल तर व्हॅगाबॉन्ड घ्या, व्हिगर १५ नं सुरू होतंय आणि नवख्याला तेच लागतंय. रेच नावाचा क्लास दिसेल, लेव्हल १, सगळे आकडे १०, अंगावर जवळजवळ काही नाही. "सगळं सारखं आहे म्हणजे काहीही करता येईल" असं म्हणून पहिल्याच खेपेला तो घेणारे खूप जण आहेत, आणि त्यातले बरेच लिमग्रेव्ह ह्या पहिल्याच भागाच्या पुढं गेलेले नाहीत.

ऑब्लिव्हियनच्या जुन्या आवृत्तीत इथं एक सापळा आहे, नीट वाचा. पोरं ॲथलेटिक्स (पळणं), ॲक्रोबॅटिक्स (उड्या), मर्कंटाइल (सौदेबाजी) मेजरमध्ये टाकतात, "लवकर वाढतंय ना". वाढतंय, पण तिथले बरेचसे शत्रू तुमच्या लेव्हलप्रमाणं वाढतात. म्हणजे तुम्ही नुसतं पळून आणि उड्या मारून लेव्हल चढवली, तलवार तिथल्या तिथंच आहे, आणि समोरचा मात्र तगडा होऊन आला. २०२५ च्या रीमास्टर्डमध्ये हे बरंच सुधारलंय, मेजर-मायनर दोन्ही स्किल धरतात आणि प्रत्येक लेव्हलला वाटायला १२ पॉइंट मिळतात, पण जुना खेळत असाल तर मेजरमध्ये मारायची आणि वाचायचीच स्किल जास्त ठेवा.

तपासा: कुलूप लागायच्या आधी एक वेगळा सेव्ह केला का? ऑब्लिव्हियनमध्ये गटाराच्या दारात, बाकी ठिकाणी ट्यूटोरियल संपताना. हा सेव्ह कधीच पुसायचा नाही. क्विकसेव्हवर विसंबू नका, तो पुढच्या क्विकसेव्हला जातोय.

टप्पा ४: पहिले पाच-सहा तास, नुसत्या जोर-बैठका

तालमीत नवीन पोरगं आलं की वस्ताद त्याला लगेच ढाक नाही शिकवत, आधी जोर-बैठका मारून घेतो, पोरगं कंटाळून पळालं तर पळालं. इथंही तसंच.

एल्डन रिंगमधल्या जोर-बैठका म्हणजे व्हिगर. कुठलाही बिल्ड असू दे, मेज असला तरी. मार्गिट ह्या पहिल्या मोठ्या बॉसपाशी जाताना व्हिगर २० तरी असावं असं माझं मत, आणि पुढं ४० पर्यंत न्यायला अजिबात हात आखडू नका, तिथून पुढं प्रत्येक पॉइंटचा फायदा कमी होत जातोय आणि ६० नंतर तर नावालाच. सगळी जण व्हिगर सोडून मारायच्या स्टॅटला पॉइंट देतात, आणि सुरुवातीला त्यानं डॅमेज फारसं वाढतही नाही. डॅमेज वाढतंय हत्यार घडवून. चर्च ऑफ एलेहच्या टेबलावर हत्यार +३ पर्यंत होतंय, त्याला पहिल्या प्रतीचे स्मिदिंग स्टोन २, ४ आणि ६ असे मिळून १२ लागतात. हे १२ दगड गोळा करायच्या आधी "माझा बिल्ड कमी पडतोय" म्हणायचं नाही.

हत्याराला जेवढं स्टॅट लागतंय तेवढंच द्या, सुरुवातीला त्याच्यावर एकही जास्त नको. आणि ताकदवाल्यांनी एक विसरू नका, हत्यार दोन्ही हातांनी धरलं की स्ट्रेंग्थ दीडपट धरतात. ३० लागणारं हत्यार २० वर चालतंय, दहा लेव्हल वाचल्या. वजन ७० टक्क्यांच्या आत ठेवा नाहीतर लोळताना पोतं टाकल्यासारखं होतंय आणि दोष क्लासला जातोय.

स्कायरिममध्ये पहिलं काम, रिव्हरवूडच्या रस्त्यावरचे तीन गार्डियन स्टोन. वॉरियर, मेज, थीफ, आपल्या गटातली स्किल २० टक्के लवकर वाढवतात. पाहिजे तेव्हा येऊन बदलता येतंय, तेव्हा तिथं उभं राहून विचार करत बसू नका.

आता आकडे बघा म्हणजे मी एकाच गोष्टीला धरा का म्हणतोय ते कळेल. स्कायरिममध्ये मूळ गेमचे पर्क २५१ आहेत. लेव्हल ५० ला पोचलात तर हातात येतात ४९. म्हणजे पाचातलाही एक नाही. आणि स्किल जेवढं वर तेवढी लेव्हल चढायला मदत जास्त, २० वरून २१ झालं तर २१ गुण, ९० वरून ९१ झालं तर ९१. दहा स्किल थोडी थोडी वाढवणाऱ्याला प्रत्येक गोष्टीत कमीच मिळतंय.

माझी वाटणी सोपी आहे. पहिल्या १० लेव्हलमध्ये पाच-सहा पर्क मारायच्या स्किलला, बाकीचे वाचायच्या, म्हणजे चिलखत किंवा ढाल. तिसरं स्किल लेव्हल १५ पर्यंत नाही. पर्क साठवून ठेवता येतात, मिळाला की लगेच खर्च करायलाच पाहिजे असं काही नाही.

थांबा: स्कायरिममध्ये स्टॅमिनाला दिलेल्या प्रत्येक लेव्हलला ५ वजन जास्त उचलता येतंय, आणि लूट उचलायच्या नादात मेजवाले स्टॅमिना वाढवत बसतात. मेजनं मॅजिका आणि हेल्थ, बास. ड्वेमर अवशेषातली सगळी भांडीकुंडी घरी न्यायची नसतात.

दुसरं, शहरात बसून स्मिदिंग (लोहारकाम), एन्चांटिंग, स्पीच एकदम खूप वाढवू नका. लेव्हल त्यानंही चढतेय, बाहेरचे बरेच शत्रूही चढतात, तलवार मात्र कच्चीच. ऑब्लिव्हियनचाच सापळा, नवीन रंग लावलेला.

टप्पा ५: दहा ते वीस तास, इथं घसरतंय

हा टप्पा सगळ्यात लांब आहे कारण ९० टक्के रडगाणी इथलीच (आकडा माझ्या अंदाजानं).

घसरायची लक्षणं सांगतो. एक, इन्व्हेंटरीत तीन जातीची हत्यारं आहेत आणि "पुढं लागतील" म्हणून विकवत नाहीत. दोन, फेव्हरिट मेन्यू स्क्रोल करावा लागतोय. तीन, गुहेत शिरताना हात आपोआप खाली बसायच्या बटणावर जातोय.

तिसरं लक्षण स्कायरिमचं खास. जगभर सगळ्यांचं कॅरेक्टर शेवटी लपून बाण मारणाराच का होतंय, ह्याला कारणं आहेत. लपून मारलेल्या बाणाला सुरुवातीपासून दुप्पट डॅमेज, पर्क घेतला की तिप्पट. मार खायचा प्रश्न नाही, कारण लांबून. मॅजिका लागत नाही. शत्रूला बाण लागला तरी तो जरा वेळ इकडंतिकडं बघतो आणि "वारा असेल" म्हणून परत जाग्यावर जातो. आणि प्रत्येक वेळी स्नीक आणि आर्चरी दोन्ही वाढतात, म्हणून पुढच्या वेळी अजून सोपं. चढाला लागलेली गाडी न्यूट्रलला टाकल्यासारखं आहे, तुम्ही काही न करता मागंच येणार.

आणि मजा तिथंच मरतेय. प्रत्येक गुहा सारखीच, बसा, ताणा, सोडा. ४० तासांनी कंटाळा आला की माणूस म्हणतो गेमच बोअर आहे.

उपाय क्रमानं करा:

१. धनुष्य विका. पेटीत ठेवू नका, पेटीतून परत येतंय. अगदीच जीव अडकला असेल तर सोबतच्या लिडियाला (गेममधली साथीदार) द्या, ती वापरेल, तुमचे हात मोकळे. कागदावर ड्रॅगनचा अपवाद असेल तर एक साधं धनुष्य आणि २० बाण ठेवा, भारीतलं नको.

२. अडचण नेमकी काय होती ते शब्दात सांगा. "मी मरतोय" हे उत्तर नाही. मॅजिका संपतोय, की जवळ आलेला शत्रू रेटतोय, की तिघं एकदम अंगावर येतायत?

३. त्या अडचणीवर आपल्याच बिल्डमधलं औषध शोधा. मॅजिका संपतोय म्हणून मेजनं तलवार उचलू नये, मॅजिका लवकर भरणारे झगे आणि पोशन बघावेत. शत्रू अंगावर येतोय तर डिस्ट्रक्शनच्या ४० ला इम्पॅक्ट पर्क मिळतोय, दोन्ही हातांनी एकच मंत्र मारला की समोरचा अडखळतोय, नुसता तेवढ्यावर मी कितीतरी मोठे लोक उभ्या उभ्या संपवलेत. तिघं अंगावर येत असतील तर दारात उभं राहा, एकेक येईल.

४. मग एकदा प्रयत्न. नाही जमलं तर ती जागा सोडा आणि दुसरीकडं जा. ओपन वर्ल्ड आहे, कशाला एकाच दारावर डोकं आपटता.

चौथा मुद्दा एल्डन रिंगवाल्यांनी भिंतीवर लिहून ठेवावा. मार्गिटनं पाच वेळा लोळवलं की पोरं क्लास बदलायच्या गोष्टी करतात. अरे दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुला अख्खा पडलाय, तिकडं जा, दोन-चार लेव्हल घ्या, हत्यार +३ करा, मग या. मार्गिट कुठं पळून जात नाही. आमचा आत्येभाऊ त्याच्यासाठी समुराईचा मेज झाला, मेजचा परत समुराई झाला, दोन्ही सेव्ह पहिल्यापासून सुरू केले, आणि शेवटी मारला तो पहिल्याच समुराईनं, त्याच उचिगतानानं, फक्त व्हिगर वाढवून. तीन आठवडे गेले त्यात.

थांबा: लूटमध्ये आकडा जास्त दिसला म्हणून अंगावर चढवू नका. स्कायरिममध्ये मेज आर्मर पर्क असलेल्यानं एक लोखंडी बूट जरी घातला तरी त्या पर्कचा फायदा जातोय, कारण अंगावर चिलखताचा एकही तुकडा चालत नाही. जड आणि हलक्या चिलखतातही पूर्ण जोड एकाच जातीचा असला तर २५ टक्के जास्त देणारे पर्क आहेत, वेल फिटेड आणि कस्टम फिट. विचर ३ मध्ये तर म्युटाजेनचा (स्किलशेजारी बसवायचा, ताकद वाढवणारा पदार्थ) रंग शेजारच्या तीन स्किलच्या रंगाशी जुळला तरच पूर्ण फायदा. म्हणजे गेम स्वतःच सांगतोय की एकाच रंगात राहा, आपणच ऐकत नाही.

टप्पा ६: दोन गोष्टींचा मिक्स बिल्ड करणार असाल तर

तलवार आणि जादू दोन्ही पाहिजे असं बऱ्याच जणांना वाटतंय आणि त्यात चूक नाही. पण तांबडा आणि पांढरा रस्सा तुम्ही वाटीत मिक्स करून प्यालात तरी चुलीवर दोन भांडी वेगळीच असतात. आधी एक शिजू द्या.

एल्डन रिंगमधली मूनव्हेल कटाना सगळ्यांना पाहिजे असते, तिला स्ट्रेंग्थ १२, डेक्स्टेरिटी १८, इंटेलिजन्स २३ लागतंय. समुराई इंटेलिजन्स ९ नं सुरू होतो, म्हणजे नुसत्या तिथंच १४ लेव्हल, आणि ह्या १४ लेव्हल तुम्ही साध्या कटानानं खेळत असता जिला इंटेलिजन्सचा काडीचा उपयोग नाही. म्हणून आधी व्हिगर आणि उचिगताना, मूनव्हेल प्रत्यक्ष हातात आल्यावर मग इंटेलिजन्स. हत्यार मिळायच्या आधी त्याच्यासाठी स्टॅट वाढवणं ही मिक्सवाल्यांची सगळ्यात महागात पडणारी चूक.

ज्याला तिसरी गोष्टही मिसळायची आहे त्याला माझ्याकडं सल्ला नाही.

टप्पा ७: खरंच बदलायचं असेल तर

धरून राहा म्हणजे जीव गेला तरी सोडू नका असं नाही. बदलायचं योग्य कारण एकच, तुम्ही जिंकताय तरी कंटाळा येतोय. हरताय म्हणून बदलू नका, त्याला टप्पा ५ आहे.

आणि ज्या रात्री मेलात त्या रात्री बदलायचं नाही. पीसी बंद करा, रंकाळ्यावर एक चक्कर मारून या, भेळ खा, झोपा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही बदलावंसं वाटलं तर बदला.

बदलायचा क्रम:

१. आधी नवीन कागद, तीन ओळी आणि "नाही"ची यादी. जुना फाडू नका.

२. नवीन हत्यार आणि ते घडवायचं सामान आधी जमवा. लोक पहिल्यांदा स्टॅट बदलतात आणि मग लक्षात येतंय की नवीन हत्यार +० आहे, दगड संपलेत, आणि नकाशातली सोपी जागा उरलेली नाही.

३. वेगळा सेव्ह. एल्डन रिंगमध्ये तसे हवे तेवढे सेव्ह ठेवता येत नाहीत, म्हणून तिथं दुसरी पायरी दोनदा तपासा.

४. मग बदल. एल्डन रिंगमध्ये राया लुकारिया अकादमीत रेनाला ह्या बॉसला हरवल्यावर ती करून देते, प्रत्येक वेळी एक लार्व्हल टियर (त्यासाठीची खास वस्तू) लागतंय आणि ते एका खेळीत मोजकेच मिळतात. स्कायरिममध्ये स्किल १०० झालं की लेजेंडरी करता येतंय, ते १५ वर येतंय आणि त्यातले पर्क परत मिळतात, किंवा ड्रॅगनबॉर्न डीएलसीची (मूळ गेमला जोडलेला जादा भाग) कथा संपवली की ड्रॅगनचा आत्मा देऊन एकेक ट्री मोकळी करता येते. विचर ३ मध्ये काही व्यापाऱ्यांकडं पोशन ऑफ क्लिअरन्स १००० क्राऊनला मिळतंय, सगळे पॉइंट परत. जुन्या ऑब्लिव्हियनमध्ये काहीच सोय नाही, तिथं टप्पा ३ मधला गटाराच्या दारातला सेव्ह कामाला येतो.

तपासा: बदलल्यावर लगेच मोठ्या बॉसकडं जाऊ नका. आधी जिंकलेली एखादी गुहा किंवा छावणी परत करा. जुन्या बिल्डला लागला त्याच्या दीडपट वेळ लागला तरी चालेल, बोटांना सवय नसते. दुप्पट लागला तर कुठंतरी स्टॅट किंवा हत्यार चुकलंय.

टप्पा ८: दुसरं कॅरेक्टर आणि सेव्हची नावं

मनात तीन बिल्ड असतील तर तीन कॅरेक्टर करा, एकाच गड्याला तिघांचं काम लावू नका. पण दुसरं सुरू करायच्या आधी पहिल्याला निदान एक मोठी कथा पूर्ण करू द्या, स्कायरिममध्ये एखादं गिल्ड, एल्डन रिंगमध्ये गॉड्रिक हा बॉस. नाहीतर प्रत्येक गेमचे पहिले सहा तास पाठ होतात आणि सातवा कुणी बघितलेलाच नसतो.

कॅरेक्टरच्या नावात काम घाला. "ढालवाला", "आगवाली", "खंजीर". आमच्या घरात एका पीसीवर तिघं खेळतो आणि धाकट्यानं एकदा माझ्या ढालवाल्याला घेऊन स्नीक ३० पासून ५५ पर्यंत नेलं, पर्क पण टाकले, तेव्हापासून सेव्ह वेगळे आणि कागदही तीन. जुलैत तर अजून एक करा, बाहेर पाऊस धरला की लाईट कधी जाईल सांगता येत नाही, ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर ठेवा आणि लेव्हल चढवताना, पर्क टाकायच्या आधी, हातानं एक सेव्ह मारा.